डोंगर उसना घेताना या चुका टाळा

शाक्केई म्हणजे बागेबाहेरचा डोंगर, समुद्र, जे काय दिसतंय ते बागेचंच वाटेल असं उसनं घेणं. जुने जपानी माळी याला इकेदोरी म्हणायचे, म्हणजे जिवंत पकडणं. पण नवीन लोकांना वाटतं मागे डोंगर आहे ना, मग झालं. अरे, पकडणार कोण?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उभं राहून माप घेणं. ही बाग घरात तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, बसून बघायची असते! क्योटोजवळ एका घरी मी स्वतः हे करून बसले. खालचा रस्ता झाकायला साझांकाचं (कॅमेलियाच्या जातीचं झुडूप) कुंपण दीड मीटर ठेवलं, अंगणात उभं राहून पाहिलं, मस्त. मग मालकीणबाई चहा घेऊन आत बसल्या आणि म्हणाल्या, "टेकडी कुठे गेली?" बसल्यावर डोळा, घराचा जोता धरूनही, अंगणापासून जेमतेम एक मीटर तीस, त्यामुळे अर्धी टेकडी कुंपणाने खाल्लेली. वीतभर छाटलं तर वरून नुसत्या काड्या, पालवी भरेपर्यंत एक वर्ष त्या काड्यांकडे बघत चहा प्यायल्या बिचाऱ्या. तेव्हापासून मी आधी आत जाऊन बसते, बाहेर कुणीतरी बांबू धरतं, मी ओरडते वर, खाली, अजून खाली, आणि तिथेच खूण. लेझर मीटर आणणाऱ्यांनी आणावा, मला बांबू पुरतो.

दुसरं, फोनवर फोटो काढून डिझाइन करू नका. फोनच्या वाइड लेन्सने डोंगर एवढुसा दिसतो, मग लोक घाबरून मधली झाडंच तोडतात. क्योटोच्या एंत्सूजी मंदिरात जाऊन बघा, हिएई पर्वताच्या पुढे सुगी-हिनोकी या सूचिपर्णी झाडांचे सरळ बुंधे मुद्दाम ठेवलेत, फक्त खालच्या फांद्या काढल्यात. त्या बुंध्यांमुळेच डोंगर जवळ येतो.

पुढे दिवे, पूल, लाल मेपल यांची जत्रा भरवू नका. कागोशिमाच्या सेंगानएन बागेत साकुराजिमा ज्वालामुखी हाच डोंगर आणि खाडी हेच तळं, तिथे वेगळी टेकडी कशाला रचायची?

हिवाळ्यात पाहणी केली असेल तर उन्हाळ्यात परत जा, पानं आली की निम्मं दृश्य जातं.

आणि समोरची जमीन कुणाची ते आधीच विचारा. एंत्सूजीचा हिएई झाकला जाऊ नये म्हणून क्योटो शहराने २००७ मध्ये नियम केले, आपल्या गिऱ्हाइकासमोर तीन मजली उठलं तर वाचवायला कोण येणारे?