इंटरफेसमधून इलेक्ट्रिक गिटार दबकी, बोथट येते? आधी इनपुट तपासा

अ‍ॅम्पवर खणखणीत वाजणारी गिटार ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) रेकॉर्ड केली की पांघरुणाखालून आल्यासारखी वाटायची. गेन (इनपुटची पातळी वाढवणारा नॉब) पूर्ण चढवावा लागे, मग मागे हिस्स.

तारा बदलल्या, केबल बदलली, ईक्यूवर (इक्वलायझर) ट्रेबल वाढवला. वाढला तो फक्त हिस्स. डोकं उठलं होतं.

दोष इम्पीडन्सचा, म्हणजे इनपुट सिग्नलला करत असलेल्या विरोधाचा निघाला. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला 1 मेगओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. लाइन इनपुट साधारण 10 किलोओहमचं असतं. एवढ्या कमी इम्पीडन्सच्या लोडखाली वरच्या फ्रिक्वेन्सी तिथेच मरतात, नंतर ईक्यूने त्या धड परत येत नाहीत.

आता क्रम. गेन शून्यावर आणा. साधी मोनो टीएस केबल (नेहमीची गिटार केबल), 3 ते 5 मीटरची, इंटरफेसच्या पुढच्या जॅकमध्ये लावा (मागचे जॅक बहुधा फक्त लाइनचे). ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ (जास्त इम्पीडन्सचं इनपुट) बटण दाबा. गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन 10 वर. सगळ्यात जोरात स्ट्रम करा आणि पीक -12 डीबीएफएसच्या (डिजिटल मीटरवर 0 ही कमाल पातळी) आसपास जाईल इतकाच गेन द्या. मग अ‍ॅम्प सिम्युलेटर (अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावा, त्यात कॅबिनेट आयआर (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) चालू हवाच. नाहीतर डिस्टॉर्शन कर्कश किरकिरतं.

हाय-झेड इनपुटच नसेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइक इनपुटजोगा करणारा डबा) घ्या आणि त्याचा एक्सएलआर माइक इनपुटला जोडा. बॉस टीयू-3 ट्यूनरसारखं बफर (पिकअपवरचा लोड हटवणारं सर्किट) असलेलं पेडल मध्ये टाकून लाइन इनपुटही चालतं. ट्रू बायपास पेडल बंद असताना सिग्नल तसाच थेट पुढे सोडतं, त्यामुळे तेव्हा मात्र त्याचा काही उपयोग नाही.