सेपांगला शर्यतीसाठी निघताना

शर्यतीचे दोन-तीन दिवस ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यात गाडीत बसायला मिळणारा वेळ फार थोडा. सरावाची एक-दोन सत्रं, पात्रता फेरी, मग एक किंवा दोन शर्यती. हौशी गटात हे सगळं जोडलं तरी दोन-अडीच तासांच्या वर क्वचितच जातं. उरलेला वेळ रांगा, तपासण्या, बैठका आणि वाट पाहण्यात जातो. म्हणून हिंगणघाट, दर्यापूर किंवा ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या गावातून मलेशियाच्या सेपांग सर्किटवर निघालेल्या चालकाने यादी करताना प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारावा: हे घरी उरकता येतं का? येत असेल तर ते काम तिथे न्यायचंच नाही.

सुरुवात कागदांपासून, आणि तीही चार महिने आधी. भारतात शर्यतीचा परवाना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया म्हणजे एफएमएससीआय देते. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर आपल्या देशाच्या संघटनेची आधी परवानगी लागते, हा एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या क्रीडासंहितेचा नियम आहे. स्पर्धेच्या नियमावलीत कोणत्या दर्जाचा परवाना हवा ते लिहिलेलं असतं. ते वाचून मगच प्रवेश फी भरा. वैद्यकीय तपासणी गावातल्या दवाखान्यात होईल, पण ईसीजी आणि डोळ्यांची तपासणी सेवाग्रामला किंवा नागपूरला जाऊन नीट करून घ्या, कारण ती कागदासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास असतो. आधारवर आडनाव आधी, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. पासपोर्टवर जे आहे तेच परवान्यावर, प्रवेश अर्जावर आणि तिकिटावर अक्षरन् अक्षर आलं पाहिजे. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक हवी. पोलीस पडताळणीला गावात वेळ लागतो, ठाणं लांब असतं, म्हणून नूतनीकरण शेवटावर ठेवू नका. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं, पण प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं. पर्यटक म्हणून मिळणाऱ्या प्रवेशावर स्पर्धेत उतरता येईल का, हे आयोजकांना ईमेलने विचारा आणि उत्तराची छापील प्रत निमंत्रण पत्रासोबत ठेवा. विमानतळावर मोबाईलची बॅटरी संपली तरी कागद हातात असतो.

विम्याबद्दल मी आग्रहाने सांगतो, कारण घरची माणसं नेमकी इथे उघडी पडतात. बहुतेक प्रवास विम्यांत मोटर शर्यत वगळलेली असते. तिकिटासोबत मिळणारी पॉलिसी घेतली, आता काळजी नाही, असं समजून निघू नका. वगळलेल्या गोष्टींचं पान उघडा, शर्यतीचा उल्लेख शोधा आणि शर्यतीसकट संरक्षण देणारी वेगळी पॉलिसी घ्या. आयोजकांचा विमा काय भरून देतो आणि काय नाही, हे लेखी मागा. भाड्याच्या गाडीचा हिशेब याहून वेगळा असतो. गाडी भाड्याने देणारा संघ अनामत रक्कम घेतो आणि गाडीचं नुकसान झालं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंतचा खर्च चालकाकडून वसूल करतो. ती मर्यादा किती, इंजिन आणि गिअरबॉक्स त्यात धरले आहेत का, दुसऱ्याच्या चुकीने धडक झाली तर कोण भरणार, हे सगळं करारात आलं पाहिजे. तेवढी रक्कम बाजूला काढता येत नसेल तर त्या वर्षी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कपाशीच्या चुकाऱ्यावर भरवसा ठेवून परदेशातली अनामत भरायची नसते.

आता सामान. शर्यतीच्या आगरोधक सूटच्या मानेमागे एफआयए ८८५६-२०१८ ही खूण आहे का, हेल्मेट ८८५९-२०१५ किंवा स्पर्धेने मान्य केलेल्या दर्जाचं आहे का, मानेच्या संरक्षणाचं हान्स उपकरण ८८५८ चं आहे का, हे घरी उजेडात बसून तपासा आणि लेबलांचे फोटो काढून ठेवा. आगरोधक बनियन, पायजमा, मोजे, डोक्यावरचा बालाक्लावा, हातमोजे आणि बूट यांतली एक वस्तू कमी असली तरी तपासनीस गाडीत बसू देत नाही. हेल्मेट, हान्स आणि बूट विमानात स्वतःजवळच्या बॅगेत ठेवा. बाकीची बॅग हरवली तर कपडे उसने मिळतील, तुमच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट मिळेलच असं नाही. व्हायझर दोन घ्या, एक पारदर्शक आणि एक गडद, सोबत धुकं न धरणारी पट्टी. सूट धुताना ब्लीच आणि सॉफ्टनर वापरायचं नाही, आणि आपल्या उन्हात तर तो वाळत घालायचाच नाही. या कापडातला अरामिड धागा उन्हाने कमजोर होतो. ओसरीत, सावलीत वाळवा. किमती सामान परत आणताना प्रश्न येऊ नये म्हणून जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. स्वतःची गाडी किंवा सुटे भाग पाठवणार असाल तर फिक्की या उद्योग संघटनेकडून मिळणारा एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणण्याचा कागद, लागतो. पण पहिल्या वेळी गाडी तिथेच भाड्याने घेणं शहाणपणाचं.

संघाला तुमची उंची, कंबर, बुटाचं माप आणि पूर्ण पोशाखातलं वजन आधी कळवा, म्हणजे सीट आणि पेडल तुमच्यासाठी बसवून ठेवतील. गाडीतून झटपट बाहेर पडण्याचा सराव घरी खुर्चीवर करा: पट्ट्यांचं बक्कल, स्टिअरिंग, खिडकीची जाळी, दार, याच क्रमाने, डोळे मिटून. धुरात काही दिसत नाही. अग्निशामकाचा खटका आणि वीज तोडायचं बटण त्या गाडीत नेमकं कुठे आहे, याचा फोटो संघाकडून आधीच मागवा.

शरीराच्या तयारीवर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, आणि विदर्भातल्या माणसाचा अंदाज इथेच चुकू शकतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा ४५-४६ अंशांचा मे महिना काढलेल्याला सेपांगचे ३२-३३ अंश किरकोळ वाटतात. पण आपलं ऊन कोरडं असतं. घाम आला की उडून जातो आणि उडताना अंग थंड करतो. सेपांगची हवा वर्षभर दमट. तिथे घाम उडत नाही, नुसता ओघळतो, आणि वरून आगरोधक कपड्यांचे थर. अंगातली उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही. अशा वेळी आधी जातं ते लक्ष, ताकद नंतर. ब्रेक कुठे दाबायचा हा निर्णय अर्धा सेकंद उशिरा होतो, आणि त्या वेगाला अर्धा सेकंद म्हणजे पंचवीस-तीस मीटर.

यावर उपाय आहे आणि तो गावातच होतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस उघडल्यावर जी उमस असते, ती सेपांगच्या हवेला बरीच जवळची. निघण्याआधीचे दहा ते चौदा दिवस रोज तासभर त्या उमसेत पूर्ण बाह्यांचे कपडे घालून जोरात चाला किंवा सायकल चालवा. पहिले दोन-तीन दिवस हळू, मग वाढवत जा. शरीर लवकर घाम सोडायला शिकतं, नाडी खाली येते. सोबत कोणीतरी असू द्या, आणि चक्कर किंवा मळमळ आली की त्या दिवशी थांबा. ही सवय दोन-तीन आठवड्यांत उतरू लागते, म्हणून जूनमध्ये केलेली मेहनत नोव्हेंबरच्या शर्यतीला पुरत नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएससह, थोडं थोडं पोटात जायला हवं. नुसतं पाणी ढोसणं धोक्याचं असतं. मानेचे व्यायाम रोज करा, सगळ्या बाजूंनी, हाताने विरोध देऊन.

खर्रा खाणाऱ्यांनी तो निदान महिनाभर आधी सोडावा. तोंड कोरडं पडतं, नाडी वाढते, आणि हेल्मेट घातल्यावर थुंकायला जागा नाही. औषधांबाबतही सांभाळा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि ठराविक प्रमाणापुढे ते स्पर्धेत बंदी असलेल्या पदार्थांत मोडतं. शक्तीसाठी म्हणून कोणी दिलेली, आत काय आहे ते लिहिलेलं नसलेली चूर्णं अजिबात नकोत. नेहमीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी जवळ ठेवा.

सर्किटचा अभ्यास रोज रात्री अर्धा तास. सेपांग १९९९ साली सुरू झालं, हरमान टिळके यांनी आखलेलं, ५.५४३ किलोमीटरचं, १५ वळणांचं. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा. तिथे शिकलेल्या चालकाला सेपांगची रुंदी आधी चकवते. रस्ता इतका ऐसपैस की वेग कमी वाटतो. पहिलं वळण उजवीकडे लांबच लांब आत आवळत जातं आणि लगेच डावीकडच्या दुसऱ्यात उतरतं. पहिल्यात घाई केली की दुसऱ्यात गाडी चुकीच्या जागी असते. पाचवं-सहावं वेगवान आहे, तिथे मानेचा कस लागतो. नववं डावीकडचं, फार मंद. अकरावं आणि चौदावं अवघड आहेत, कारण गाडी वळत असतानाच ब्रेक दाबावा लागतो आणि मागची चाकं सुटू पाहतात. चौदाव्यातून नीट बाहेर पडलात तर पुढची लांब सरळ तुमची, आणि तिच्या टोकाला पंधराव्याचं हेअरपिनसारखं उलटं फिरणारं वळण, ओव्हरटेक करण्याची सगळ्यात चांगली जागा. गाडीतून घेतलेले व्हिडिओ पाहताना वही घ्या, प्रत्येक वळणाचा गिअर आणि ब्रेकची खूण लिहा, मग डोळे मिटून पूर्ण फेरी मनात चालवा. मनातल्या फेरीचा वेळ खऱ्या फेरीच्या जवळ येईपर्यंत सोडू नका. सिम्युलेटर मिळत असेल तर उत्तम, पण वहीचं काम तो करत नाही.

पावसाची तयारी वेगळी. सेपांगला दुपारनंतर ढग फुटल्यासारखा पाऊस येतो. २००९ सालची फॉर्म्युला वन शर्यत अशाच पावसात थांबवावी लागली, ५६ पैकी ३१ फेऱ्यांचा निकाल धरला गेला आणि गुण अर्धे दिले गेले. ओल्या ट्रॅकवर गाड्या नेहमी जातात त्या रेषेवरचं रबर निसरडं होतं, म्हणून चालक त्या रेषेच्या बाहेरून वळण घेतात. वळणाच्या कडेचे रंगवलेले कर्ब आणि पांढऱ्या पट्ट्या टाळायच्या. याचा सराव गावच्या डांबरी रस्त्यावर कधीही करू नका. चेन्नईकडे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. तिथला ट्रॅक डे, म्हणजे पैसे भरून ट्रॅकवर सराव करायचा दिवस, त्या दिवसांत मिळाला तर घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

झेंडे पाठ हवेत, विचार न करता कळतील इतके. पिवळा म्हणजे धोका, ओव्हरटेक बंद. दुहेरी पिवळा म्हणजे थांबावं लागू शकेल इतका वेग कमी. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा क्रमांक म्हणजे गाडीत बिघाड, पिटमध्ये या. चालकांची बैठक इंग्रजीत होते आणि हजेरी सक्तीची असते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलामुलींनी संकोचू नये. नियमावली महिनाभर आधी कोणासोबत तरी ओळ न् ओळ वाचून घ्या. बैठकीत जे बोलतात ते बहुतेक त्यातलंच असतं, आणि न कळलेलं हात वर करून पुन्हा विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आता वावर, म्हणजे घरची शेती. सोयाबीनची सोंगणी आणि कपाशीची वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळ्याशी येते, त्या दिवसांतली शर्यत निवडलीत तर मळणी यंत्र आणि मजूर आधी ठरवा. जाण्याच्या आठवड्यात ओलिताला रात्रीची लाइन असेल तर मोटर सुरू करायला दुसरं माणूस ठेवा. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे सकाळी सहाला उठायचं म्हणजे इथले साडेतीन, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात रोज थोडं थोडं लवकर झोपा. रात्रीचं ओलित आणि ही झोप एकत्र जमत नाही. घरी आई-वडिलांना संघाचा फोन नंबर, विम्याची प्रत आणि शर्यतीचं वेळापत्रक आपल्या वेळेत लिहून द्या. त्यांना रात्रभर जागं ठेवणं बरं नव्हे.

प्रवास सोपा आहे. नागपूरहून जी.टी. एक्सप्रेसने चेन्नई, तिथून क्वालालंपूरचं विमान साधारण चार तासांचं, आणि सर्किट विमानतळाच्या जवळच. दोन दिवस आधी पोहोचा. संत्री, बियाणं, रोपं सोबत नेऊ नका. चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू चालतील, तरी जेवणाची अडचण नाही, तमिळ खानावळी भरपूर आहेत. गुरुवारी जमलं तर सर्किट पायी फिरा आणि वहीतल्या खुणा जागेवर ताडून पाहा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो, पट्ट्यांची आणि सीटची मुदत, फेरीची वेळ नोंदवणारा ट्रान्सपॉन्डर चालू आहे का, ब्रेकचं तेल ताजं घातलं आहे का, हे विचारा. ते तेल हवेतला ओलावा शोषतं आणि मग लांब सरळीनंतर उकळून पेडल मऊ पडतं.

शर्यत सुटताना एवढं ध्यानात असू द्या की बैलांच्या शंकरपटासारखं इथे पहिल्या काही सेकंदांत काही ठरत नाही. पहिल्या वळणाला सगळ्या गाड्या एकाच जागी घुसतात. तिथून गाडी शाबूत बाहेर काढा, पुढे फेऱ्या आहेत. शर्यतीनंतर गाडी पार्क फर्मेमध्ये, म्हणजे तपासणीसाठी गाड्या बंदिस्त ठेवतात त्या जागेत, थेट नेऊन ठेवायची आणि अधिकाऱ्यांनी सोडेपर्यंत संघालाही तिला हात लावू द्यायचा नाही. निकालाविरुद्ध तक्रार करायची मुदत फार छोटी असते, त्यामुळे तात्पुरता निकाल फलकावर लागताच वाचा. मग गाडीचे पुन्हा फोटो, परतीच्या कागदावर दोघांच्या सह्या, अनामत कधी परत येणार ते लेखी. फेऱ्यांचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या. अधिकृत निकालाची सही असलेली प्रत परवान्याच्या फाइलमध्ये लावा, वरच्या दर्जाचा परवाना मागताना ती कामी येते.