रिकाम्या रकान्यांनी खाल्लेले आठ महिने

प्रबंधाला प्रादेशिक व्यापार कराराचा निर्यातीवर काय परिणाम झाला, हा विषय घेतलात म्हणजे ग्रॅव्हिटी मॉडेल (दोन देशांचा व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारावरून आणि अंतरावरून मांडणारं सूत्र) तुम्हाला ठाऊक आहेच. त्याची उजळणी करत नाही. माझा घात मॉडेलने नाही, रिकाम्या रकान्यांनी केला.

माझा विषय होता आसियानचं, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या गटाचं, मुक्त व्यापार क्षेत्र. कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या साठ्यावरून आकडे उतरवले, लॉग (लॉगॅरिदम) घेतला, रिग्रेशन चालवलं. गुणांक, म्हणजे कराराने व्यापार किती बदलला हे सांगणारा आकडा, झकास आला आणि सरही खूश. (अधिक चिन्ह दिसलं की खूश होणारा गाईड फार गोड वाटतो. त्याच्यापासून जपा.)

गोम अशी की व्यापार झालाच नाही, तर कॉमट्रेडमध्ये बहुधा ती ओळच नसते. निर्यातदार, आयातदार, वर्ष असा पूर्ण साचा आधी मांडलात, तरच भोकं दिसतात. तिथे ० भरला तरी शून्याचा लॉग निघत नाही, आणि सॉफ्टवेअर ती ओळ मुकाट्याने गाळतं. म्हणजे करारानंतर देशांच्या ज्या जोडीचा व्यापार पहिल्यांदा सुरू झाला, तिचा 'आधी'च गायब. तुलना कशाशी करणार?

मग एका सीनियरने तोडगा दिला: सगळीकडे १ मिळव आणि लॉग घे. हा शॉर्टकट मला अजून डाचतो. निर्यात शून्यावरून ५,००० डॉलरवर गेली, तर लॉगमधली उडी साधारण ८.५. तीच रक्कम हजार डॉलरमध्ये लिहा, म्हणजे ५, उडी १.८. उलट जिथे ५० लाखांचे एक कोटी झाले, तिथे दोन्ही एककांत उडी ०.७च. एकक बदललं की कराराचा 'परिणाम' बदलतो! हे कळायला मला आठ महिने लागले.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. सांतोस सिल्वा आणि तेनरेरो यांनी २००६ मध्ये सुचवलेली पीपीएमएल (पॉयसन स्यूडो मॅक्सिमम लाइकलिहूड) पद्धत वापरा, तिच्यात व्यापाराचा लॉग घ्यावाच लागत नाही. ती शून्यं पोटात घेते. निर्यातदार-वर्ष, आयातदार-वर्ष आणि जोडी, तिन्ही फिक्स्ड इफेक्ट (त्या त्या गटाचा स्वतःचा प्रभाव वेगळा काढणारी पदं) घाला. पण प्रत्येक रिकामा रकाना शून्य नसतो. एखाद्या देशाची अख्ख्या वर्षाची एकही ओळ नसेल, तर त्याने आकडेच पाठवलेले नाहीत. तिथे ० भरणं म्हणजे शुद्ध थाप. समोरच्या देशाची आयात बघा, फक्त तिच्यात सहसा वाहतूक आणि विमाही धरलेला असतो हे विसरू नका.

तारखांचंही तसंच. करारावर सही १९९२ ची, पण शुल्कं टप्प्याटप्प्याने उतरली, आणि व्हिएतनाम तर आसियानमध्येच आला १९९५ मध्ये. 'करार लागू' अशी खूण म्हणून सगळ्यांना एकाच वर्षी १ देऊन मोकळं होऊ नका.

प्रबंधातलं शाश्वत वाढीचं प्रकरण मी शेवटच्या दोन आठवड्यांत उरकलं, आणि ते दिसतं. जीडीपी वाढला म्हणून वाढ शाश्वत ठरत नाही. लाकूड विकून निर्यात वाढली तर जीडीपी हसतो. जागतिक बँकेच्या समायोजित निव्वळ बचतीत (देशाच्या बचतीतून नैसर्गिक संपत्तीची घट वजा करणाऱ्या मापात) मात्र जंगलाची झीज वजा होते. निदान हे दोन आकडे शेजारी तरी ठेवा.

नव्याने चालवल्यावर माझा गुणांक निम्म्यावर आला. सर दोन दिवस बोलले नाहीत. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, "ओळी किती होत्या, किती उरल्या?" दोन्ही आकडे तक्त्याखालीच लिहिले होते.