मराठी व्हिजिटिंग कार्ड: छापखान्यात अक्षरं फुटू नयेत म्हणून

माप ३.५ × २ इंच, म्हणजे साधारण ८९ × ५१ मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा भाग, ठेवा, मजकूर कटाच्या रेषेपासून निदान ४ मिमी आत घ्या. कडेला बारीक चौकट आखू नका. गठ्ठा कापताना पातं थोडं तरी सरकतं, मग चौकट एकीकडे जाड आणि दुसरीकडे गायब दिसते.

मजकूर कमी ठेवा: नाव, काम, एक मोबाईल नंबर, पत्ता. 'आमच्याकडे खालील कामे केली जातील' म्हणून बारा ओळी कोंबल्या की नंबरच सापडत नाही. नंबर पाच-पाच आकड्यांत तोडा.

आता देवनागरी. कार्डं वाया जातात ती बहुतेक इथेच. बरेच छापखाने अजून श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टवर काम करतात. त्यांत मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असतो. त्यामुळे तुमचा युनिकोड (मोबाईलवर टाईप होतो तसा) मजकूर त्या फॉन्टमध्ये टाकला की वेलांट्या उडतात, जोडाक्षरं सुटतात. 'फाईल पाठवा, आम्ही बघतो' यावर विसंबू नका.

मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. फॉन्ट 'मुक्त' (Mukta) किंवा 'तिरो देवनागरी मराठी' यांपैकी घ्या. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रसाद'चा 'प्‌रसाद' होत असेल, तर परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर' निवडा. आडनाव 'कुऱ्हाडे' असेल तर साधा र नको, खाली टिंब असलेला ऱ टाईप करा, मग हलन्त, मग ह. साध्या र ने रफार येतो आणि 'कुर्हाडे' छापलं जातं. स्वतःचं आडनाव चुकलेलं कार्ड कुणी खिशात ठेवत नाही.

अक्षरांमधलं अंतर शून्यच राहू द्या. इंग्रजी नाव ऐसपैस पसरलं तर शोभतं. मराठीत शिरोरेषा तुटते. आकार ८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो.

मग प्रिंट काढा, तीही १०० टक्के आकारात, आणि दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. नंबर लावून बघा. सगळं बरोबर ठरल्यावरच अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा, मग फॉन्ट लागत नाही: कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये 'क्रिएट आउटलाइन्स'. त्यानंतर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळ्या नावाने आधीच जपून ठेवा. कर्व्ह केल्यावर पुन्हा एकदा मोठं करून बघा.

रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे (निळसर, गुलाबी, पिवळा, काळा). बारीक अक्षरांचा काळा फक्त 'के १००', म्हणजे नुसत्या काळ्या शाईचा हवा. चार शाईंचा काळा केला आणि एखादी प्लेट जराशी हलली, तरी अक्षराला रंगीत सावली येते.

क्यूआर निदान २ सेमीचा, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा.

पीडीएफ व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात.

कागद ३०० ते ३५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे जाडीचं माप) आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. मागे पेनाने वेळ किंवा भाव लिहून देत असाल तर ती बाजू लॅमिनेशनशिवाय ठेवायला सांगा, लॅमिनेशनवर शाई धरत नाही.