विनातिकीट प्रवासाबद्दल रेल्वे कोर्टाने दोषी ठरवलं? अपील असं करा

टीसीने पकडलं, जागेवर पावती फाडायला पैसे नव्हते किंवा शब्दाला शब्द वाढला, आरपीएफने (रेल्वे सुरक्षा दलाने) रेल्वे कोर्टात उभं केलं. 'गुन्हा कबूल आहे का?' या प्रश्नाला घाईघाईत हो म्हटलं, दंड भरला आणि माणूस घरी आला. बहुतेकांच्या लेखी विषय तिथेच मिटतो. पण काही महिन्यांनी पोलीस भरतीचा किंवा बँकेचा पडताळणी फॉर्म समोर येतो आणि त्यात 'कोणत्याही न्यायालयाने आपणास दोषी ठरवले आहे काय?' हा रकाना असतो. तेव्हा धावपळ सुरू होते, आणि तोवर अपिलाची मुदत उलटलेली असते.

मुदत आहे ३० दिवसांची, निकालाच्या तारखेपासून. दंड भरला म्हणजे अपिलाचा हक्क गेला, ही समजूत चुकीची आहे.

आधी बघा: कलम १३७ की १३८?

दंडाच्या पावतीवर किंवा आदेशावर रेल्वे अधिनियम, १९८९ चं कोणतं कलम लिहिलंय ते शोधा. पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

कलम १३८ म्हणजे तिकीट नसल्याबद्दल भाडं आणि जादा आकार वसूल करणं. भाड्याइतकाच जादा आकार लागतो, पण तो किमान २५० रुपये. हे पैसे दिले नाहीत तर रेल्वे दंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि ती रक्कम दंडासारखी वसूल होते. तरीही भरले नाहीत तर १० दिवस ते एक महिना कैदेचा आदेश होऊ शकतो. पण हा वसुलीचा आदेश आहे, गुन्ह्यात दोषी ठरवणारा निकाल नाही. त्यामुळे दोषसिद्धीविरुद्धचं अपील इथे लागू होत नाही. आदेश चुकीचा वाटत असेल तर पुनरीक्षण अर्ज, म्हणजे वकिलांच्या तोंडचं 'रिव्हिजन' (खालच्या कोर्टाचा आदेश कायद्याला धरून आहे का, हे वरच्या कोर्टाकडून तपासून घेणं), हा मार्ग आहे.

कलम १३७ हा खरा गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. न्यायालयाने निकालात खास कारणं नोंदवली नाहीत तर दंड ५०० रुपयांच्या खाली येत नाही. शिवाय भाडं आणि जादा आकार वेगळा. मात्र या कलमात एक अट आहे: रेल्वेला फसवण्याचा हेतू असला पाहिजे. नुसतं तिकीट जवळ नसणं १३७ ला पुरत नाही. अपिलात तुमच्या हाती जे काही आहे, ते बहुतेक या एका अटीभोवतीच फिरतं.

कबुली नेमकी कशी नोंदली गेली?

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक अपिलं इथेच अडतात.

तुम्ही गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवरच शिक्षा झाली असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे दोषी ठरवण्याविरुद्ध अपील करता येत नाही. फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच करता येतं. (१ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहितेची जागा या संहितेने घेतली. कोर्टाच्या आवारात अजून '३७४ चं अपील' असं कानावर पडेल. ते आता कलम ४१५.)

पण कबुली म्हणजे नुसती मान डोलावणं नव्हे. आरोप काय आहे ते आरोपीला आधी सांगावं लागतं. मग तो जे बोलला ते शक्य तितकं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं लागतं, याच संहितेचं कलम २७५ तसंच सांगतं. कबुली स्पष्ट आणि बिनशर्त हवी. आता समजा तुम्ही म्हणालात, 'साहेब, पास आहे माझा, पण घरी राहिला.' यात तिकीट जवळ नसल्याची कबुली आहे. फसवण्याच्या हेतूची मात्र नाही, उलट नकारच आहे. आणि कागदावर काय उमटलं? छापील फॉर्मवर 'गुन्हा कबूल' एवढे दोन शब्द, खाली सही. आरोप मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगितल्याची नोंद नाही, हेतूबद्दल अक्षर नाही. असं असेल तर 'ही कबुली कायद्याने कबुलीच नव्हे' हा मुद्दा घेऊन अपिलात किंवा पुनरीक्षणात संपूर्ण दोषसिद्धीला आव्हान देता येतं.

उलट आरोप नीट समजावला होता, तुमचेच शब्द नोंदले आहेत आणि त्यात फसवणुकीची कबुली स्वच्छ आहे, तर दोषसिद्धी उलटवण्याच्या नादी लागू नका. शिक्षेपुरतं बोला. त्यातही हाती लागण्यासारखं काय आहे ते पुढे येतंच.

नक्कल काढा, त्याच आठवड्यात

रेल्वे कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्या. नुसती निकालाची नको. निकालपत्र, रोजनामा, फिर्याद किंवा टीसीचा रिपोर्ट, कबुली नोंदवलेला कागद, आणि साक्ष झाली असेल तर तिची नोंद, या सगळ्याच्या प्रमाणित नकला मागा. रोजनामा विसरू नका. त्या दिवशी कोर्टात काय घडलं ते त्यातच सापडतं. निकाल अपिलास पात्र असेल तर आरोपीला निकालाची प्रमाणित नक्कल मोफत मिळायला हवी. कैदेची शिक्षा असेल तर ती निकाल लागताच विनामूल्य द्यायची असते.

अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेच्या मागे शिक्क्यात असते. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस ३० दिवसांतून वजा होतात, म्हणून तो शिक्का जपा.

मुदत टळली असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा, मुदत अधिनियमाच्या कलम ५ खाली. आजारपण, नक्कल उशिरा मिळणं, वकिलाची सोय नसणं, जे खरं असेल ते तारखांसह आणि कागदांसह लिहा. 'कायदा माहीत नव्हता' एवढ्यावर न्यायाधीश सहसा विरघळत नाहीत.

अपील कुठे, आणि होतं का?

दंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध अपील सत्र न्यायालयात जातं. मुंबईतल्या रेल्वे कोर्टाचा निकाल असेल तर मुंबईचं नगर दिवाणी व सत्र न्यायालय, इतरत्र त्या जिल्ह्याचं सत्र न्यायालय.

अगदी किरकोळ शिक्षेला अपील नाही. प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांनी नुसता १०० रुपयांपर्यंत दंड केला असेल, किंवा संक्षिप्त (झटपट पद्धतीने चालवलेल्या) खटल्यात २०० रुपयांपर्यंत, तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१७ आडवं येतं. १३७ चा नेहमीचा किमान दंडच ५०० असल्याने हा अडथळा क्वचित येतो. आलाच तर पुनरीक्षण, त्याची मुदत ९० दिवस. ते सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात करता येतं, पण दोन्हीकडे नाही. आणि जिथे अपील करता येत होतं तिथे ते न करता थेट पुनरीक्षणाला जाता येत नाही.

अपिलाचा मसुदा

अपील लेखी हवं आणि सोबत निकालाची नक्कल हवी. वरती न्यायालयाचं नाव, अपीलकर्ता आणि विरुद्ध पक्ष (निकालपत्राच्या शीर्षकात आहे तसाच), खटला क्रमांक, निकालाची तारीख, कलम आणि शिक्षा. मग थोडक्यात हकिकत, आणि मग मुद्दे, ज्याला वकील 'ग्राउंड्स' म्हणतात. हकिकत अर्ध्या पानात आटपा. मुद्दे मात्र कागदावर बोट ठेवून लिहा, उदाहरणार्थ:

'फिर्यादी पक्षाने फसवणुकीच्या हेतूबाबत कोणताही पुरावा दिलेला नाही. अपीलकर्त्याकडे प्रवासाच्या दिवशी वैध मासिक पास होता.'

'अपीलकर्त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत नोंदवलेले नाही.'

'अपीलकर्त्याने गुन्हा नाकारला असताना निकालात कारणे दिलेली नाहीत.' संक्षिप्त खटल्यातही, गुन्हा नाकारला असेल तर पुराव्याचा सारांश आणि थोडक्यात कारणं लिहावीच लागतात.

टीसीने उद्धटपणा केला, आरपीएफने तासभर बसवून ठेवलं, हा राग मसुद्यात ओतायचा मोह होतो. त्याचा हेतूशी किंवा कबुलीशी संबंध नसेल तर तो बाहेर ठेवा.

पासची नोंद, यूटीएसवरचा (रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांच्या यंत्रणेवरचा) तिकिटाचा व्यवहार, बँकेच्या खात्यातून पैसे गेल्याची वेळ, असा पुरावा खालच्या कोर्टात दिलाच नसेल तर अपिलात तो आपोआप विचारात घेतला जात नाही. अतिरिक्त पुरावा घेण्यासाठी कलम ४३२ खाली वेगळा अर्ज द्या आणि तेव्हा का देता आला नाही ते सांगा. टीसीने पकडल्यानंतर तिकीट काढलेलं असेल तर ते दाखवू नका, वेळ छापलेलीच असते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

स्थगिती आणि सुनावणी

अपील दाखल झालं म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. कैदेची शिक्षा असेल तर पहिल्याच दिवशी कलम ४३० खाली शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागा. शिक्षा स्थगित झाली तरी दोषसिद्धी उभीच राहते, हे फॉर्म भरताना लक्षात ठेवा.

तुमच्या अपिलात न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. निर्दोष सोडणं, फेरखटला, शिक्षा कमी करणं, किंवा अपील फेटाळणं, एवढंच होऊ शकतं. फेटाळलं तर पुढे उच्च न्यायालयात पुनरीक्षण.

नोकरीचा प्रश्न असेल तर हे मागाच

अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८. पूर्वी कधी शिक्षा झालेली नसेल आणि गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंतचीच कैद असेल, तर न्यायालय शिक्षेऐवजी समज देऊन सोडू शकतं. १३७ यात बसतं, आणि हा आदेश अपील न्यायालयही करू शकतं. याच कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीतून येणारी अपात्रता लागत नाही. कबुलीमुळे फक्त शिक्षेपुरतंच अपील शिल्लक असलेल्यांसाठी माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची मागणी आहे, दंडातले दोन-तीनशे कमी करून घेण्यापेक्षा कितीतरी मोठी. मसुद्याच्या शेवटच्या विनंतीत ती वेगळ्या वाक्यात लिहा.

अपील चालू असताना फॉर्म भरायची वेळ आली तर रकान्यात खरं लिहा आणि अपिलाचा क्रमांक द्या. किरकोळ गुन्ह्याची लपवाछपवी नियोक्ता दुर्लक्षित करू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं आहे, पण तो नियोक्त्याच्या मर्जीचा भाग आहे.

निर्दोष सुटलात तर अपिलाच्या निकालाच्या दोन-तीन प्रमाणित नकला एकदम काढून ठेवा. एक रेल्वे कोर्टात दंड परत मागण्याच्या अर्जाला, मूळ पावतीसह. दुसरी पडताळणी करणाऱ्या कार्यालयासाठी.