कवळी कपाटात पडू नये म्हणून

आमच्या अण्णांची पहिली कवळी तीन महिने कपाटातल्या डबीत पडून होती. पहिले पंधरा दिवस कसे काढायचे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी सगळं विचारून घेतलं, ते इथे लिहितेय.

दात काढायचे असतील तर बीपी, शुगर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. हिरड्या भरून यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. घाई केली तर हिरडी नंतर आत बसते आणि कवळी ढिली होते.

नाशिकमध्ये खासगी दवाखाने भरपूर आहेत. पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयही आहे. दंत महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून जावं. कुठेही गेलात तरी चार-पाच खेपा धरा: आधी कच्चं माप, मग पक्कं माप, मग जबडा मिटल्यावरची उंची, मग मेणातली ट्रायल आणि शेवटी तयार कवळी.

यातली मेणाची ट्रायल सगळ्यात महत्त्वाची. गुलाबी मेणात दात रोवलेले असतात, ते तोंडात घालून बघायचं. आरसा मागा. अण्णांना आम्ही 'साठ, एकसष्ट, बासष्ट' मोजायला लावलं, तेव्हा 'स' म्हणताना शिट्टी वाजली. डॉक्टरांनी समोरचे दोन दात तिथेच किंचित सरकवले. दातांचा रंग, ओठांचा फुगीरपणा, हसताना किती दिसतं, सगळं याच दिवशी बोला. ॲक्रिलिकमध्ये पक्कं झाल्यावर बदल करणं अवघड जातं. घरातलं एक माणूस सोबत न्याच.

कवळी मिळाल्यावर सुरुवातीला लाळ खूप सुटते, तोंड भरल्यासारखं वाटतं. हे ओसरतं. खालची कवळी वरचीपेक्षा हलतेच, कारण तिला धरायला जागा कमी आणि जीभ सारखी ढकलते. मऊ भात, खिचडी, उपमा, लहान घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं. पेपर मोठ्याने वाचायचा. मिसळीत पाव भिजवून खाता येतो. चिवडा मात्र महिनाभर थांबू दे.

कुठे टोचलं तर घरी कानशीने घासू नका. तपासणीच्या आधी काही तास कवळी घालून जा, म्हणजे लाल झालेली जागा डॉक्टरांना दिसते. मोडली तर फेविक्विक नको, तुकडे जपून न्या.

रोज जेवणानंतर चूळ भरून कवळी धुवा. रात्री मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासा. टूथपेस्टने चरे पडतात आणि त्यात घाण बसते. धुताना बेसिनमध्ये पाणी भरा किंवा जाड टॉवेल पसरा, कारण हातातून निसटली की तडा गेलाच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे गीझरचा नळ आपसूक सोडला जातो, पण कडक पाण्याने कवळी वाकते. रात्री काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी नको. हिरड्यांना आराम मिळाला नाही तर त्या लाल होतात, बुरशी धरते. हिरड्या आणि जीभही ओल्या कापडाने पुसा.

वर्षातून एकदा दाखवा. हाड झिजत जातं, मग आतून अस्तर बदलावं लागतं. तंबाखू-मिश्रीची सवय असेल आणि तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर कवळीने लागलं असेल म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी दाखवा.