पेरॉक्साइडचा पुरवठादार बदलण्यापूर्वी

सोलापुरातील एका टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये ब्लीचिंग खाते सांभाळताना माझ्या हातून जे घडले, ते दुसऱ्या कोणाकडून घडू नये म्हणून ही यादी लिहीत आहे. दर कमी मिळाला म्हणून आम्ही कापड पांढरे करणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा पुरवठादार बदलला. आधी ३५ टक्क्यांचा माल येत असे, नवा ५० टक्क्यांचा आला, आणि फाइलमध्ये मात्र जुन्याच पुरवठादाराची सेफ्टी डेटा शीट (रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारे माहितीपत्रक) राहिली.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की ड्रम फाटकातून आत येण्यापूर्वी शीट हातात असावी, आणि ती नव्या पुरवठादाराची, येणाऱ्या मालाच्याच टक्केवारीची व अलीकडच्या तारखेची असावी. रसायनाचे नाव तेच आहे, कॅस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक) तोच आहे, एवढ्यावर विसंबू नये. वाहतुकीचा यूएन क्रमांक २०१४ हा २० ते ६० टक्क्यांपर्यंतच्या पेरॉक्साइडच्या द्रावणाला सरसकट लागू असतो, त्यामुळे ट्रकवरची पाटी वाचून ३५ आणि ५० यांतला फरक कळणार नाही. तो शीटच्या तिसऱ्या विभागात, घटकांच्या प्रमाणात पाहावा लागतो. हा फरक किरकोळ नाही. युरोपीय वर्गीकरणात ३५ टक्के ते ५० टक्क्यांच्या आतले द्रावण त्वचेचा दाह करणारे मानतात, तर ५० टक्क्यांपासून ते त्वचा जाळणारे ठरते. आमच्या एका कामगाराच्या मनगटावर, हातमोजा संपतो तेथे, शिंतोडे उडाले आणि कातडी पांढरी पडली. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ हाच विचारला, आणि मी फाइल उघडून आत्मविश्वासाने ‘३५’ असे सांगितले. (एका लिटरमागे सुमारे दीडपट पेरॉक्साइड कुंडात गेल्याने दोन लॉटचे सूत कमजोर पडले, तो हिशेब वेगळाच.)

खरेदीच्या ऑर्डरमध्येच ‘शीटशिवाय माल उतरवून घेतला जाणार नाही’ असे लिहावे. ‘माल घ्या, शीट मागाहून पाठवतो’ हे उत्तर मुळीच मान्य करू नये. घातक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांतील १७ वा नियम शीट मिळवण्याची अथवा तयार करण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकतो. म्हणजे पुरवठादाराने दिली नाही, ही सबब आपल्या कामाची नाही. शीट बहुधा पर्चेसच्या मेलमध्ये येते आणि तेथेच पडून राहते, म्हणून ती स्टोअर आणि ब्लीचिंग खात्यात पोहोचवण्याचे काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवावे.

माहिती आपणही द्यायची असते, हे बहुतेकांच्या गावीही नसते. पेरॉक्साइड आपण कॉस्टिक सोड्यासोबत (हा अल्क), गरम कुंडात, कोणत्या स्टॅबिलायझरबरोबर (विघटन आवरणाऱ्या रसायनाबरोबर) वापरतो आणि डोसिंगच्या पाइपात लोखंड किंवा तांबे कोठे आहे, हे पुरवठादाराला लेखी कळवावे. अल्क, गंज आणि तांबे यांनी पेरॉक्साइडचे विघटन वेगाने होते, उष्णता व ऑक्सिजन सुटतो, आणि बंद पाइपात दाब चढतो. त्याला आपली मांडणीच माहीत नसेल, तर त्याचा सल्ला मोघमच राहणार. आणि टक्केवारी किंवा स्टॅबिलायझर बदलण्यापूर्वी त्याने आपल्याला कळवावे, हेही त्याच पत्रात मागून घ्यावे. मी हे पत्र लिहिले नव्हते.

साठवणीचे नियम सातव्या आणि दहाव्या विभागात असतात, ते वाचावेत. झाकण वायू बाहेर सोडणारे असते, ते ‘गळते’ म्हणून कोणी घट्ट बदलू नये. सांडल्यास भुसा टाकू नये, भरपूर पाणी वापरावे. उरलेला माल ड्रममध्ये परत ओतू नये.

हातमोजे आणि चष्मा आठव्या विभागाप्रमाणे घ्यावेत, मात्र पुन्हा सांगतो, नव्या शीटच्या आठव्या विभागाप्रमाणे. आमच्याकडे मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसे आहेत, म्हणून प्रथमोपचाराच्या चार ओळी तिन्ही भाषांत ड्रमजवळ लावाव्यात आणि त्यांत टक्केवारीचा आकडा मोठा लिहावा. शीटवरच्या आपत्कालीन क्रमांकावर एकदा रात्री फोन लावून पाहावा. कोणी उचलला नाही, तर माल घेण्यापूर्वीच तक्रार करावी.

जुनी शीट फाइलमधून काढून ‘रद्द’ शिक्का मारून वेगळी ठेवावी. लेबल, चलान आणि शीट या तिन्हींवरची टक्केवारी माल उतरवताना जुळवावी. डोळे धुण्याचा नळ चालू आहे का ते पाहावे. आणि पुढच्या वेळी पुरवठादार बदलला, की पुन्हा पहिल्या ओळीपासून.